परत केलेली शिल्लक

बारामती
रविवार, दि. ८ जानेवारी १९९५, सकाळचे सव्वासात

प्रिय मेघनाताई,
सप्रेम जयभीम.

स्टोव्हवर अंघोळीचे पाणी ठेवले आहे आणि ते तापेपर्यंत अंजलीच्या बरण्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. सात झाल्या. आठवी लिहिताना ‘मरळ’ऐवजी ‘मळर’ लिहिले गेले, तेव्हा समजलो की आज आपले लक्ष ठिकाणावर नाही. म्हणून चिठ्ठ्या बाजूला ठेवून तुला पत्र लिहायला घेतले.

तू जर्मनीला गेल्यापासून इकडचे सगळे सांगायचे राहून गेले. अंजलीला एम.एस्सी. झाल्यावर आमच्याच कॉलेजात संशोधन सहायकाची जागा मिळाली, हे काकूंनी तुला कळवलेच असेल. प्रकल्प आमच्या सरांचा, पैसा दिल्लीच्या एका खात्याचा, मुदत तीन वर्षे. उजनीच्या पाण्यात चिलापी मासा वाढत चालला आहे आणि मरळ, वांब हे आपले जुने मासे कमी होत आहेत का, हे ती मोजते. भिगवणला भिमादादा म्हणून मासेमार आहेत. ते लिलावाच्या आधी तिच्यासाठी प्रत्येक जातीचे मासे बाजूला काढतात. ती त्यांची लांबी, वजन, पोटातली अंडी मोजते आणि नमुने बरणीत ठेवते. तीन वर्षे पुरी झाली तर याच्यावर तिची पीएच.डी. होईल. आपल्या घरात तुझ्यानंतर तीच.

मी त्याच विभागात रोजंदारीवर प्रयोगशाळेचा मदतनीस आहे. एस.वाय.ला दोनदा नापास झालेल्या तिच्या थोरल्या भावाला याहून काय मिळणार. पण अक्षर बरे आहे म्हणून प्रकल्पाचा हिशोबही सरांनी माझ्याकडेच दिला आहे. अडचण अशी की आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू झाले आणि या वर्षाचे अनुदान अजून आलेले नाही. अंजलीला पगार महिना अठराशे, तो एप्रिलपासून कागदावरच. खोलीचे भाडे आणि तिचे भिगवणचे जाणे-येणे माझ्या रोजंदारीत बसवतो. आबा मागच्या आठवड्यात कळसहून आले होते. बरण्या बघून म्हणाले, “दीड वरीस झालं पोरगी मासं फाडतीया. सरकार कशापायी पगार दील? कालव्यावर तीस वरसं काढली म्या, सरकारनं मला पानी सोडायचा पगार दिला. मासं मोजायचा न्हाय.”
अंजली म्हणाली, “आबा, तुमी पानी सोडलं म्हनून तर मासं आलं.”
आबा हसले, पण बोलले खरे होते.

विचारायचे ते असे. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. त्या दिवशी सरांचे इंदापूरला भाषण आहे, विषय : कोणता देश उच्च शिक्षणावर आणि संशोधनावर किती खर्च करतो. कच्चे टिपण सर देतात, पक्के मी लिहितो. तिकडचे सरकार कसे देते, किती देते, वेळेवर देते का, हे कळव. आकडे स्वच्छ लिही. तुझा चार आणि नऊ सारखाच दिसतो.

तुझा,
रविंद्र

—

कील
२९ जानेवारी १९९५

प्रिय रवी,
जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथं दुपारी साडेचारला अंधार पडतो. अशा वेळी बारामतीच्या स्टोव्हचा आवाज ऐकू आला.

आकडे ग्रंथालयातल्या तक्त्यातून घेतले आहेत, एकदोन वर्षं जुने असतील. देशाचं एकूण उत्पन्न शंभर रुपये धरलं, तर संशोधनावर जर्मनी सव्वादोन रुपयांच्या वर खर्च करतं, जपान आणि अमेरिका त्याहून थोडा जास्त. भारत साधारण पाऊण रुपया. सरांना एक गोष्ट मात्र नक्की सांग, नाहीतर भाषण एकतर्फी होईल. इथल्या सव्वादोनमधला मोठा वाटा कारखानदारांचा आहे. आपल्याकडचा पाऊण रुपया बहुतेक सगळा सरकारचाच. म्हणजे नुसती सरकारं समोरासमोर उभी केली तर शंभरातला फरक वाटतो तेवढा नाही. फरक आहे तो शंभर कशाचे यात. त्यांचा शंभरचा ढीग केवढा आणि आपला केवढा.

विद्यापीठात फी नाही म्हटलं तरी चालेल. जर्मन विद्यार्थ्यालाही नाही, मलाही नाही. ऑफिसात नाव घालताना थोडे मार्क, म्हणजे इथले पैसे, द्यावे लागतात, तेवढेच. आपल्याकडे मला फ्रीशिपसाठी तहसील कचेरीत किती खेपा घालाव्या लागल्या ते तुला माहीत आहे. तेव्हा माझ्याबरोबर तूच होतास.

मला सगळ्यात नवल वाटलं ते काटकसरीचं. एवढा पैसा आहे, पण खोलीतून बाहेर पडताना प्रत्येकजण दिवा मालवतो. पाठकोरा कागद टाकत नाहीत. आमच्या प्रोफेसरांचा कोट कोपरावर ठिगळ लावलेला आहे. सरकारनं विश्वासानं दिलेला पैसा हे लोक विश्वासानंच वापरतात, उरला तर परत करतात आणि म्हणूनच सरकार त्यांना न मागता देतं. आपल्याकडे हा विश्वास कुणी कधी सुरूच केला नाही, असं मला वाटतं.

माझं काम ठीक चाललंय. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. त्याचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षावर्षाची वलयं मोजायची, की माशाचं वय कळतं. दिवसभर तेच. डोळे दुखतात.

अंजलीला सांग, तीन वर्षं पुरी कर. मधे सोडू नकोस.

तुझी,
मेघनाताई

(चार वरून उघडा काढलाय. बघ.)

—

बारामती
रविवार, दि. २ एप्रिल १९९५, दुपारचे दोन

प्रिय मेघनाताई,
सप्रेम जयभीम.

हिशोबाच्या फाईलला दोरी बांधली आणि हात धुऊन हे लिहायला बसलो.

सरांचे भाषण चांगले झाले. तुझा शंभर रुपयांच्या ढिगाचा मुद्दा त्यांनी घेतला, टाळ्या त्यालाच पडल्या. शिक्षणावर शंभरातले सहा द्यायचे आपण कधीचे ठरवले आहे आणि चारसुद्धा पुरे देत नाही, हेही ते म्हणाले. खाली उतरल्यावर एका पुढाऱ्याने विचारले, “सर, आपल्याला किती पाहिजेत?” सर म्हणाले, “आमचे मंजूर झालेले तेवढे पाठवायला सांगा.” लोक हसले, सर हसले नाहीत.

अनुदान नऊ मार्चला आले. वर्षभराचा पैसा आणि खर्चायला तीन आठवडे! आधी अंजलीचा बारा महिन्यांचा पगार काढला. तिने सगळ्या नोटा उशीखाली ठेवल्या आणि सकाळी खोलीभाड्याचे अर्धे माझ्या खिशात घातले. मग भिमादादांचे आणि रसायनवाल्याचे भागवले.

तरी तेरा हजार आठशे सत्तर रुपये उरले. प्रवासाच्या मथळ्याखाली जीपभाडे मंजूर होते, पण पैसाच नव्हता म्हणून वर्षभर आम्ही एस.टी.ने गेलो. एस.टी.चे तिकीट ते काय! तेच पैसे वाचले.

ऑफिसातले हेडक्लार्क मला तीन वेळा येऊन बोलले. पहिल्यांदा म्हणाले, “कपाट घे.” मी म्हणालो, कपाट मंजूर नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, “जीपवाल्याकडनं बिलं आण. मार्चात बिल आधी येतं, जीप मागनं येती.” मी म्हणालो, जीप आलीच नाही तर बिल कसले? तिसऱ्यांदा मात्र चिडले. “अरे, राजा हरिश्चंद्राचा तू कोण लागतोस? सगळा महाराष्ट्र मार्चात हेच करतोय. तुझ्या एकट्याच्या तेरा हजारांनी दिल्ली चालणार हाय का?”

ताई, त्या वेळी मला तुझे पत्र आठवले. उरला तर परत करतात, आणि म्हणूनच सरकार न मागता देते. मला वाटले, विश्वास कुठूनतरी सुरू व्हायला हवा, तर तो आपल्या प्रकल्पापासून होऊ दे. सर पुण्याला पेपर तपासायला गेले होते. ते एकोणतीस तारखेला रात्रीच्या गाडीने आले. सकाळी मी त्यांच्यापुढे तक्ता ठेवला. खरा खर्च, खरी शिल्लक, शिल्लक परत. सरांनी चष्मा न लावताच सही केली. म्हणाले, “बरं केलंस. खोटी बिलं सांभाळायची कटकट नको.” त्याच दिवशी बँकेतून डिमांड ड्राफ्ट काढला आणि रजिस्टर्ड पोस्टाने दिल्लीला पाठवला.

भिमादादांना सांगितले तर जाळे झटकता झटकता थांबले. “सरकारला पैकं परत? रवीभाऊ, आरं, जाळ्यात आल्यालं मासं म्या परत पान्यात सोडलं तर सांच्याला बायकू जेवाय घालंल का?”
अंजलीने मला एवढेच विचारले, “दादा, सरांनी वाचून सही केली ना?”
मी म्हणालो, केली.

मला फार दिवसांनी बरे वाटते आहे. तुझ्या प्रोफेसरांना हे जरूर सांग. भारतातही असे होते, म्हणावे.

तुझा,
रविंद्र

—

कील
२० एप्रिल १९९५

प्रिय रवी,
जयभीम.

शाब्बास. मला तुझा फार अभिमान वाटला. पत्र मी खोलीत भिंतीला लावलंय.

प्रोफेसरांना सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमधून समजावून सांगितलं, की माझ्या भावानं वर्षअखेरीची शिल्लक सरकारला परत पाठवली. ते आधी म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग ते खूप वेळ हसले, डोळे पुसले आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून त्यांनाही सांगितलं. तेही हसले. त्यांना हे फार आवडलं असावं. एकानं विचारलं, तुझ्या भावाचं नाव काय? मी सांगितलं. तो ‘रफिंद्रा’ म्हणाला आणि मान हलवली.

अंजलीला आता तिसऱ्या वर्षाची काळजी नको. असा स्वच्छ हिशोब बघून दिल्लीवाले आधी तुमचंच अनुदान पाठवतील.

मला इथे थोडा थकवा आल्यासारखं झालंय. काळजीचं काही नाही. आईला सांगू नकोस.

तुझी,
मेघनाताई

—

बारामती
बुधवार, दि. १६ ऑगस्ट १९९५, सकाळचे साडेसहा

प्रिय मेघनाताई,
सप्रेम जयभीम.

नळाला पाणी यायचे आहे, बादली लावून बसलो आहे. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले. माफ कर. लिहिण्यासारखे काही नव्हते.

इकडे सर्व ठीक आहे. आबांचा गुडघा दुखतो. भिगवणला या वर्षी चिलापी खूप आहे, मरळ फारशी नाही, म्हणजे अंजलीचे म्हणणे खरे ठरते आहे. ती हल्ली दर रविवारीच जाते.

दिल्लीहून जुलैत पत्र आले. तिसऱ्या वर्षाचे अनुदान जरा कमी झाले आहे. फक्त रसायनांपुरते आहे. कारण काय दिले आहे ते मी नीट वाचलेले नाही. सरांनी त्यांना पत्र घातले आहे. मीही विभागाच्या वतीने घालतो आहे. उत्तर येईल.

आबांनी इंदापूरच्या एका शाळेत विचारले आहे. तिथल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत. आबा म्हणाले, “शाळंचा पगार एक तारखंला येतो. मासं काय, कुटं पळून चाललं न्हाईत.” अंजली म्हणाली, “तेच तर चाललंत, आबा. पळूनच चाललंत.” मग स्वयंपाकाला उठली.

एक विचारायचे होते. अगदी सहज. तिकडे जो प्रकल्प शिल्लक पैसे परत करतो, त्याला पुढच्या वर्षी सरकार काय देते? जास्त देते, तेवढेच देते, की आणखी काही रीत आहे? तू स्वतः कुणाला परत करताना पाहिले आहेस का? कुणाला विचारून कळवलेस तर बरे. घाई नाही.

बादली भरली. थांबतो.

तुझा,
रविंद्र

—

कील
१७ डिसेंबर १९९५

प्रिय रवी,

तुझं ऑगस्टचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. सप्टेंबरातच मी आमच्या ऑफिसातल्या बाईंना तुझा प्रश्न विचारला होता आणि सप्टेंबरातच मला उत्तर मिळालं होतं. त्यानंतर तीनदा लिहायला बसले आणि उठले.

तू लिहिलंस, कारण नीट वाचलेलं नाही. स्वल्पविराम चुकला म्हणून वर्तमानपत्राला कार्ड टाकणारा तू. दिल्लीचं पत्र नीट वाचलं नाहीस होय?

रवी, इथं कुणी परत करत नाही. मी ते कुणाकडून ऐकलंही नव्हतं. दिवे मालवताना बघितलं, ठिगळ बघितलं आणि पुढचं मी मनानंच घातलं. इथलं वर्ष डिसेंबरात संपतं. या महिन्यात सगळ्या खोल्यांमधून लोक याद्या घेऊन पळतायत. याला इथं डिसेंबरचा ताप म्हणतात, विनोदानं नाही, तसा शब्दच आहे. परवा आमच्या मजल्यावर एक नवा फ्रीज आला. जुना चांगला चालतोय. नवा खोक्यासकट जिन्याखाली उभा आहे. कागदाचे गठ्ठे छतापर्यंत. मी बाईंना म्हटलं, एवढे कशाला? त्या म्हणाल्या, “मुली, यंदा उरवलं तर पुढच्या वर्षी वरचे म्हणतात, तुम्हाला एवढे लागतच नाहीत. आणि एकदा कापलेलं परत येत नाही.”

एप्रिलमध्ये प्रोफेसर का हसले ते मला जिन्याखाली उभी असताना कळलं. ते तुला हसले नव्हते, असं मी स्वतःला सांगतेय. पण ते शेजारच्यांना बोलवायला गेले होते, हेही आठवतं.

न मागता देतात, असंही मी लिहिलं होतं. तेही खरं नाही. प्रोफेसरांचा निम्मा वेळ अर्ज लिहिण्यात जातो. दोन्ही जर्मनी एक झाल्यापासून पैसा पूर्वेकडे लागतो, म्हणून इकडच्या रिकाम्या जागा भरत नाहीत. माझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ नाकारली आहे. मार्चपर्यंत आहे, मग थांबा, असं कळवलंय. प्रबंध तोवर होईल, जेमतेम होईल. हे तुला आधी सांगितलं नाही, कारण भिंतीवर तुझं पत्र होतं आणि त्याच्यासमोर बसून रडगाणं लिहवेना.

माझ्याजवळ थोडे मार्क साठलेत. अंजलीचा वर्षाचा पगार त्यात सहज बसतो. पत्ता कळव, ड्राफ्ट पाठवते. नाही म्हणू नकोस. वाक्य माझं होतं, पैसे तू परत केलेस, आणि भरतेय ती.

मेघनाताई

—

इंदापूर
१४ जानेवारी १९९६

मेघनाताई,
जयभीम, आणि तिळगूळ घे, पोस्टातून गोड मानून घे.

तुझं पत्र दादानं मला दाखवलं नाही. ते त्याच्या उशाखाली होतं आणि चादरी मीच धुते. रागावू नकोस. तो वाचून दाखवेल म्हणून मी आठवडाभर वाट बघितली होती.

पैसे पाठवू नकोस. तुझीच शिष्यवृत्ती संपतेय आणि तू मला पगार देणार! शिवाय मी सप्टेंबरपासून इंदापूरच्या शाळेत आहे, बारामतीहून रोज एस.टी.नं येऊन-जाऊन. दादानं हे तुला कळवलं नाही ना? मला वाटलंच. रजेवरच्या बाई परत येणार नाहीत असं दिसतंय, जूनपासून मला कायम करतील. सातवीची पोरं आहेत. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, “बाई, तुमच्या हाताला मासळीचा वास का येतो?” म्हटलं, “शिकलेय म्हणून.” आता अख्खी शाळा मला चिलापीबाई म्हणते.

दिल्लीच्या पत्रात काय होतं ते तुला सांगते, कारण तो सांगणार नाही. ‘मागील वर्षाची अखर्चित रक्कम पाहता कामाची निकड कमी झाल्याचे दिसते. सबब सहायकाचे पद पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता वाटत नाही.’ ते पत्र मी जुलैतच वाचलं. ऑफिसात ते आलं तेव्हा हेडक्लार्कनी आधी मलाच बोलावलं. मला वाटलं ते आता दादाला नावं ठेवणार. ते म्हणाले, “बाई, ह्या पोराला माझ्या सांगण्यात काय वावगं वाटलं असंल ते असंल. पन मी त्याला वाईट सांगत न्हवतो. वाचवत होतो.” मग त्यांनी मला चहा पाजला.

मी दादाला एकदाही बोलले नाही, तो बोलला नाही. तेच जास्त जड झालंय. तो दर महिन्याला दिल्लीला रजिस्टर्ड पत्र घालतो. दर वेळी तेच : ‘परत केलेली रक्कम बचतीची होती, गरज संपल्याची नव्हती.’ उत्तर येत नाही. मागच्या पत्रात त्यानं तुझा तक्ता जोडला, जर्मनी सव्वादोन, जपान अमुक, आपण पाऊण. मी म्हटलं, “दादा, त्यांना तक्ते काय कमी आहेत? तक्ते तेच करतात.” तो म्हणाला, “निदान आकडे बरोबर आहेत.” पोळी अर्धी ठेवून उठला.

त्याला तू लिही की आता थांब. तुझं तो ऐकतो.

आणि मला पैशांऐवजी दुसरं पाठव. ते कानातल्या खड्याचं काम. काप कसा घ्यायचा, कशानं घासायचं, वलयं कशी मोजायची, चित्रं काढून. इथलं वय मोजायचं यंत्र म्हणजे भिमादादाचा अंदाज. रविवार माझा आहे. पीएच.डी.चं नाव अजून विद्यापीठात आहे, फी मी भरते. तीन वर्षांचं काम सहा वर्षांत होईल. तोवर मरळ टिकली पाहिजे, एवढंच.

तुझी,
अंजली

—

बारामती
रविवार, दि. ३१ मार्च १९९६, संध्याकाळचे साडेपाच

प्रिय मेघनाताई,
सप्रेम जयभीम.

खोलीतल्या कॉटवर बसून लिहितो आहे, कारण खाली पाय ठेवायला जागा नाही. कॉटखाली फॉर्मालिनचे कॅन आहेत आणि दारापासून मोरीपर्यंत रिकाम्या बरण्या. त्याचे कारण पुढे येईल.

तुझे पाकीट मिळाले. चित्रे फार स्वच्छ आहेत. चार आणि नऊसुद्धा. अंजलीने पहिला काप मागच्या रविवारी काढला, दुसरा तुटला, तिसरा बरा निघाला. सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली वलये दिसली. भिमादादा मुद्दाम बारामतीला आले होते. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला. “किती दिसत्यात?” अंजली म्हणाली, “चार.” ते म्हणाले, “म्या तिला हातात धरली तवाच म्हनलो हुतो, चार वरसांची हाय. पर तवा तुमी लिवून घेतलं न्हाय.” मग आम्ही तिघे हसलो. याआधी मी कधी हसलो होतो ते आठवले नाही.

तू लिहिलेस, आता दिल्लीला पत्र घालू नकोस. फेब्रुवारीपासून घातलेले नाही. तू लिहिलेस, वाक्य माझे होते. ताई, वाक्य तुझे असेल, पण ते मला हवेच होते. सगळे बिले आणा म्हणत होते, तेव्हा कुणीतरी उलटे सांगितलेले हवे होते. तू जर्मनीतून सांगितलेस म्हणून ते मोठे वाटले. आबा कळसहून तेच म्हणाले असते तर मी हेडक्लार्कांचे ऐकले असते. सरकार-सरकारांची तुलना करता करता आपण तिकडचे दिवे आणि इकडची कपाटे मोजली. मार्च आणि डिसेंबर मोजायचे राहिले.

यंदाचे रसायनांचे अनुदान मंगळवारी आले, चार हजार. एकतीस तारीख रविवारी, म्हणजे शनिवारी बँक बंद होण्याआधी संपवायला हवे. हेडक्लार्क दारात आले. चौकटीला टेकून उभे राहिले. मी म्हणालो, “अण्णा, खोटे बिल आणणार नाही.” ते म्हणाले, “मग परत पाठवतोस?” मी म्हणालो, “नाही.” सायकल घेऊन रसायनवाल्याकडे गेलो. फॉर्मालिन होते तेवढे घेतले. मग काचेच्या दुकानात जाऊन बरण्या. दुकानदार म्हणाला, “लोणच्याचा कारखाना काढताय का?” दोन हातगाड्या करून आणल्या. सगळी बिले खरी, सगळा माल खरा. फक्त एवढा माल नुसत्या रविवारच्या कामाला किती वर्षे पुरेल, ते कुणी विचारू नये. विभागातल्या कपाटात जागा नव्हती, म्हणून सरांच्या लेखी परवानगीने इथे ठेवल्या. सरांनी या वेळी चष्मा लावून सही केली.

अंजली दुपारी भिगवणहून आली. दार उघडेना, आतून बरण्या लागत होत्या. फटीतून बघून म्हणाली, “दादा, हे काय?” मी म्हणालो, “जिन्याखालचा फ्रीज.” तिला तुझे पत्र पाठ आहे हे मला त्या वेळी कळले. ती दारातच खाली बसली आणि हसायला लागली. मग थोडी रडली, मग आत येऊन डब्यातली मरळ पहिल्या बरणीत ठेवली. मी चिठ्ठी लिहिली. एकदाच लिहिली, चुकली नाही.

तिने मला विचारले, “दादा, माझा राग येतो का रे तुला?” मी म्हणालो, “माझा तुला यायला हवा.” ती म्हणाली, “मला दमायला होतं फक्त. रागाला ताकद लागते.” उद्या तिची सकाळची शाळा आहे. ती आता बरण्यांच्या मधल्या वाटेत सतरंजी टाकून झोपली आहे, बाहेर उजेड असूनही.

तू मे महिन्यात येतेस. गाडी भिगवणला थांबत असेल तर तिथेच उतर, आम्ही येऊ. सामान जास्त आणू नकोस. ठेवायला जागा नाही.

प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षाचा हिशोब आज बंद केला. तुझ्यासाठी नक्कल :

आलेले अनुदान : ४,०००.००
फॉर्मालिन, ८ कॅन : १,५२०.००
काचेच्या बरण्या, १२० : २,१६०.००
चिठ्ठ्या, कापूस, हातमोजे : ३२०.००
एकूण खर्च : ४,०००.००
शिल्लक : काही नाही

हातगाड्या दोन, माझ्या खिशातून : ३०.००
मागील वर्षी सरकारला परत : १३,८७०.००

देणे
भिमादादा, सप्टेंबरपासूनच्या माशांचे : ६४०.००
मेघनाताई, पाकिटावरची तिकिटे : किती मार्क ते कळवणे
अंजली, यंदाच्या बारा महिन्यांचा पगार : २१,६००.००
(हे सरकारच्या नावे लिहायचे की माझ्या, ते अजून ठरलेले नाही.)

तुझा,
रविंद्र